घरचा संगणकीय हिशेब का मंदावतो? : कारणशोधाचा एक पाठ

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारगावी कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. हे सुपे बारामतीच्या बाजूचे; आपल्या पारनेर तालुक्यातील सुपा वेगळे. परंतु काही आठवड्यांतच ते लोण आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांत येऊन पोहोचले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदल्या गेलेल्या या उठावात माणसांवर हात टाकण्याचे प्रकार तुलनेने थोडे घडले. जमावाचा सारा रोख कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे हाती येताच त्यांची होळी केली जाई.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचारले पाहिजे, की कागदांवर एवढा राग का? कारण हिशेब एकाच बाजूला होता. किती घेतले, किती फेडले, व्याज कसे चढले, हे सावकाराची वही सांगेल तेच खरे. रयतेपाशी तपासून पाहण्यासारखी दुसरी प्रतच नव्हती, आणि असती तरी ती वाचण्याइतके अक्षरज्ञान तिला कोणी मिळू दिले नव्हते. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्याचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी आलेल्या त्या कायद्यात न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासण्याची मुभा मिळाली, आणि ऋणकोला पावती, वार्षिक खातेउतारा व पासबुक मिळण्याची तरतूद झाली. हिशेबाची एक प्रत दुबळ्या पक्षाच्या हाती असली पाहिजे, हे तत्त्व त्या तरतुदींमागे होते.

दीडशे वर्षांनंतर आपल्या घरांतील व्यवहार पाहिले तर त्या तत्त्वाची गरज संपलेली दिसत नाही. पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याची उचल मुकादमाच्या वहीत असते. दुधाचा हिशेब संकलन केंद्राच्या यंत्रात, उसाचे बिल कारखान्याच्या खात्यात, बचत गटाचा हप्ता सचिवांच्या रजिस्टरमध्ये आणि पीककर्ज सोसायटीच्या दप्तरात असते. या सर्वांची घरची प्रत कोण ठेवतो? अलीकडे या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच घरांत ‘आमचा मुलगा’ किंवा ‘आमची मुलगी’ असे मिळते, ही समाधानाची गोष्ट आहे. वसतिगृहात राहून शिकलेली पिढी घरचा हिशेब संगणकावर किंवा मोबाइलवर ठेवू लागली आहे. कोणी एक्सेलच्या तक्त्यात, कोणी ग्नूकॅशसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, तर कोणी मोबाइलमधील खर्चनोंदीच्या ॲपमध्ये.

मात्र दोन-तीन वर्षे लोटली, की एक तक्रार हमखास कानी येते. ‘फाइल उघडायलाच पाच मिनिटे लागतात. एक नोंद केली की संगणक अडकतो. ॲप मधेच बंद पडते.’ कंटाळून नोंदी आठवड्यावर जातात, मग महिन्यावर, आणि एके दिवशी हिशेब थांबतो. तो थांबला, की घर पुन्हा दुसऱ्याच्या वहीवर विसंबू लागते. म्हणून मंदगतीच्या या तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाचा पाठ आम्ही या स्मरणिकेत मांडत आहोत. मंदगतीला कारण असते, ते पद्धतशीर शोधता येते, आणि बहुतेक वेळा ते दूर करण्यासाठी नवा संगणक घ्यावा लागत नाही, हे दाखवणे हा त्याचा उद्देश.

१. उपायापूर्वी प्रत

पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. कोणताही उपाय करण्यापूर्वी हिशेबाच्या फाइलची प्रत काढावी. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसरी घराबाहेर, म्हणजे ईमेलमध्ये किंवा विश्वासू नातेवाइकाकडे असावी. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत म्हणण्याच्या योग्यतेची नसते.

मोबाइलच्या बाबतीत तर हा नियम प्राणाइतका जपावा. सेटिंगमध्ये ॲपच्या पानावर दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. ‘कॅशे साफ करा’ हा त्यांतला एक. त्याने तात्पुरत्या साठवणीचा कचरा जातो, नोंदींना धक्का लागत नाही. ‘स्टोरेज साफ करा’ किंवा ‘डेटा साफ करा’ हा दुसरा. त्याने फोनमधील त्या ॲपच्या सर्व नोंदी पुसल्या जातात. ॲप काढून पुन्हा बसवणे हाही बहुधा दुसऱ्या पर्यायासारखाच परिणाम घडवतो. ‘काढून पुन्हा टाक, वेगवान होईल’ हा सल्ला गावोगावी सर्रास दिला जातो. ॲप वेगवान होते हे खरे, कारण वर्षानुवर्षांचा हिशेब त्यातून गेलेला असतो. सावकाराचे रोखे जाळणाऱ्या रयतेने निदान समोरच्याचे कागद जाळले होते. येथे आपण स्वतःचेच जाळतो. ॲपमध्ये निर्यातीची, म्हणजे ‘एक्सपोर्ट’ची सोय असेल तर आधी ती वापरावी आणि मगच पुढे जावे.

२. गळती आणि वाढ

‘संगणक हळू झाला’ या एका वाक्यात दोन वेगळे आजार दडलेले असतात. त्यांचे निदान वेगळे आणि औषधही वेगळे.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. कपाटांत हजारो पुस्तके असतात आणि वाचनाचे टेबल एकच असते. वाचक पुस्तक टेबलावर आणतो, वाचतो आणि परत ठेवतो. संगणकाची डिस्क हे कपाट व मेमरी, जिला आपण रॅम म्हणतो, हे टेबल. सॉफ्टवेअरला ज्या माहितीवर काम करायचे ती त्याला मेमरीत आणावी लागते. काम संपल्यावर ती जागा परत करणे अपेक्षित असते. एखादा वाचक पुस्तके आणतच राहिला आणि एकही परत ठेवीना, तर टेबल भरते आणि इतरांना कोपर टेकायला जागा उरत नाही. सॉफ्टवेअरच्या अशा वर्तनाला मेमरीची गळती म्हणतात. जागा कोठे वाहून जात नाही; ती अडकून पडते आणि कोणाच्याच उपयोगी येत नाही.

टेबल भरले की संगणक एक युक्ती करतो. मेमरीतील काही मजकूर तो तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी मंद असल्याने सारे काम या ने-आणीत अडकते. ४ जीबी मेमरी आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क असलेल्या संगणकावर हे विशेष जाणवते. डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो आणि पडदा मात्र जागचा हलत नाही.

दुसरा आजार वाढीचा. येथे वाचक शिस्तीचा असतो, पण त्याच्या कामाची पद्धतच अशी असते, की पुस्तके दुप्पट झाली तर त्याला चौपट वेळ लागावा. मेमरी अडकलेली नसते. काम फुगलेले असते. घरगुती हिशेबात हा दुसरा आजार पहिल्यापेक्षा अधिक आढळतो. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून चहाचे दहा रुपयेही बँकेच्या खात्यातून जाऊ लागले. पूर्वी आठवड्याच्या बाजाराच्या चार नोंदी होत, तेथे आता दिवसाला चार होतात. वह्यांचा आकार वाढला, पण हिशेब मांडण्याची रीत जुन्या आकाराच्या बेताचीच राहिली.

३. निरीक्षणाची वही

निदान निरीक्षणाने होते, तर्काने नव्हे. एका साध्या वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. सॉफ्टवेअर उघडतानाच मंद आहे काय? उघडल्यावर वेगवान असते आणि तासाभराने मंदावते काय? की एखादी ठरावीक कृती, जसे अहवाल काढणे, बँकेचा उतारा आयात करणे किंवा फाइल जतन करणे, तेवढीच मंद आहे? पहिल्या प्रकारात बहुधा वाढ किंवा मोठी फाइल कारण असते. दुसऱ्या प्रकारात गळतीचा संशय धरावा. तिसऱ्यात त्या कृतीच्या मागे लागावे.

विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. कोणते सॉफ्टवेअर किती मेमरी वापरत आहे हे त्यात दिसते. आता प्रयोग करायचा. सॉफ्टवेअर नुकतेच उघडलेले असताना आकडा लिहावा. मग एकच कृती, उदाहरणार्थ मासिक खर्चाचा अहवाल उघडणे व बंद करणे, दहा वेळा करावी आणि आकडा लिहावा. पुन्हा दहा वेळा करावी, पुन्हा लिहावा.

समजा, आकडे असे आले: आरंभी १८० एमबी, दहा वेळांनंतर ४२०, वीस वेळांनंतर ६६०. म्हणजे दर अहवालामागे २४ एमबी जागा अडकते आणि ती परत येत नाही. ही गळतीची खूण होय. परंतु आकडे १८०, ३००, ३१०, ३१० असे आले तर? ती गळती नाही. सॉफ्टवेअरने पुन्हा लागेल म्हणून काही माहिती हाताशी ठेवली आणि त्यापुढे मागणी थांबली. चतुर वाचक दोन नेहमीची पुस्तके टेबलावरच ठेवतो, तसे हे. केवळ मोठा आकडा पाहून घाबरू नये. आकडा चढतच राहतो की एका पातळीवर स्थिरावतो, यावर निदान ठरते.

मेमरीखेरीज आणखी काही साधने अडकू शकतात. सॉफ्टवेअर उघडलेल्या प्रत्येक फाइलसाठी, खिडकीसाठी, चित्रासाठी संगणकाकडून एक प्रकारचा बिल्ला घेते. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ या भागात स्तंभांच्या शीर्षकावर उजवी कळ दाबून ‘हँडल्स’ आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हे स्तंभ निवडता येतात. विंडोजमध्ये एका सॉफ्टवेअरला जीडीआय प्रकारचे साधारणतः १०,००० बिल्लेच मिळतात. ही मर्यादा गाठली, की मेमरी मोकळी असूनही खिडक्या अर्धवट रंगतात, बटणे काळी दिसतात आणि सॉफ्टवेअर कोसळते. मेमरीचा आकडा ठीक, तरीही पडदा बिघडलेला, असे दिसले तर या स्तंभांकडे पाहावे.

प्रयोगाचा एक दंडक आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अँटिव्हायरस बंद केला, फाइल बदलली आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही टाकली, तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळणार नाही. सर्वांत उपयुक्त प्रयोग रिकाम्या फाइलचा आहे. त्याच सॉफ्टवेअरमध्ये कोरी फाइल उघडावी. तीही मंद असेल तर दोष संगणकात किंवा सॉफ्टवेअरमध्ये. ती वेगवान असेल तर दोष आपल्या फाइलमध्ये किंवा तिच्या मांडणीत. अर्धी वाट या एका प्रयोगाने सरते.

४. श्री शिल्लक : तक्त्यातील मंदगतीचे मूळ

एक्सेल किंवा लिब्रेऑफिसच्या तक्त्यात हिशेब ठेवणाऱ्यांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे दोष बहुधा सूत्रात असतो आणि तो आपल्याला स्वतः दुरुस्त करता येतो.

प्रत्येक नोंदीसमोर त्या क्षणाची शिल्लक दाखवायची अनेकांची रीत अशी असते: पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंतची सारी जमा घ्यायची, सारा खर्च वजा करायचा. सूत्र अचूक आहे, उत्तरही बरोबर येते. आता त्यामागील श्रम मोजू. दहाव्या ओळीवर दहा आकडे मिळवावे लागतात, हजाराव्या ओळीवर हजार. १,००० ओळींच्या तक्त्यात एकूण ५,००,५०० आकडे मिळवावे लागतात. नोंदी ५,००० झाल्या, की हा आकडा १,२५,०२,५०० वर जातो. नोंदी पाचपट वाढल्या आणि श्रम जवळजवळ पंचवीसपट. वरच्या एखाद्या जुन्या नोंदीतील रक्कम दुरुस्त केली, की तिच्याखालच्या सगळ्या बेरजा पुन्हा होतात. पहिल्या वर्षी उत्तम चालणारी फाइल चौथ्या वर्षी का अडते, याचे उत्तर या गणितात आहे.

आपल्याकडील जुना मुनीम हा घोटाळा करीत नसे. रोजमेळाच्या पानावर तो प्रथम ‘श्री शिल्लक’ मांडी, म्हणजे काल रात्री गल्ल्यात जेवढे उरले तेवढे. त्यात आजची जमा मिळवायची, आजचा खर्च वजा करायचा आणि उरलेली रक्कम उद्याची श्री शिल्लक म्हणून पुढे ओढायची. दुकान उघडल्या दिवसापासूनची बेरीज त्याने कधीच केली नाही. तक्त्यातही हेच करावे. या ओळीची शिल्लक म्हणजे वरच्या ओळीची शिल्लक, अधिक या ओळीची जमा, वजा या ओळीचा खर्च. ५,००० ओळींना ५,००० लहान गणिते. सव्वा कोटी बेरजांचे काम मुनिमाच्या रीतीने काही हजारांवर येते.

मंदगतीची आणखी तीन कारणे तक्त्यांत वारंवार आढळतात. पहिले, अस्थिर सूत्रे. ‘टुडे’, ‘नाऊ’, ‘ऑफसेट’, ‘इनडायरेक्ट’ ही सूत्रे तक्त्यात कोठेही बदल झाला तरी नव्याने मोजली जातात आणि त्यांच्यावर विसंबलेली सूत्रेही त्यांच्यामागे धावतात. आजची तारीख हवी असेल तर ‘टुडे’ एकाच चौकटीत ठेवावे आणि इतरत्र त्या चौकटीचा उल्लेख करावा. हजार ओळींत हजार वेळा लिहू नये. दुसरे, भुताटकीच्या ओळी. कंट्रोल आणि एंड या कळा एकत्र दाबल्यावर कर्सर शेवटच्या वापरलेल्या चौकटीत जातो. नोंदी दोन हजार आणि कर्सर चाळीस हजाराव्या ओळीवर गेला, तर मधल्या ओळींत रंग, चौकटी किंवा पुसलेल्या मजकुराचे अवशेष आहेत असे समजावे. त्या रिकाम्या ओळी निवडून पूर्णपणे वगळाव्यात आणि फाइल जतन करावी. तिसरे, चिकटवलेली चित्रे. एक नोंद २०० बाइटची धरली तर ५,००० नोंदी अवघ्या एक एमबीत मावतात. मोबाइलने काढलेले पावतीचे एकच छायाचित्र ४ एमबीचे असेल तर ते २०,००० नोंदींएवढी जागा घेते. पावत्यांची छायाचित्रे जरूर जपावीत, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, तारखेनुसार नाव देऊन. नोंदीत केवळ ते नाव लिहावे.

५. हिशेबाची स्वतंत्र सॉफ्टवेअरे

ग्नूकॅश हे दुहेरी नोंद पद्धतीचे मोफत सॉफ्टवेअर घरगुती हिशेबाला उत्तम आहे. त्याची रचना समजून घेतली तर त्यातील मंदगतीही समजते. फाइल उघडताच ते सारा हिशेब मेमरीत घेते. त्यामुळे दहा वर्षांचा हिशेब एकाच फाइलमध्ये असेल तर उघडण्यास वेळ लागणे ही त्याच्या रचनेची किंमत आहे. तिला गळती म्हणू नये. नेहमीच्या एक्सएमएल फाइलमध्ये प्रत्येक वेळी जतन करताना सारी फाइल नव्याने लिहिली जाते, आणि आपोआप जतन करण्याचा कालावधी मुळात पाच मिनिटांचा असतो. दर पाच मिनिटांनी क्षणभर अडकल्यासारखे वाटत असेल तर कारण हेच. मोठ्या फाइलसाठी एसक्यूलाइट हा साठवणीचा प्रकार निवडल्यास प्रत्येक बदल त्या त्या वेळी लिहिला जातो. तसेच मागील वेळी उघडे ठेवलेले अहवाल पुढच्या वेळी आपोआप पुन्हा उघडतात व नव्याने तयार होतात. काम संपल्यावर अहवालांचे टॅब बंद करण्याची सवय लावली, तर आरंभीचा मोठा विलंब टळतो.

या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये तारीख व वेळ असलेल्या अनेक फाइली दिसतात. त्या जुन्या प्रती व नोंदींचे लॉग असतात. मूळ सेटिंगप्रमाणे त्या ३० दिवस ठेवल्या जातात. अशा फाइली भराभर साठल्याने डिस्क भरत असेल तर कालावधी कमी करता येतो, पण कचरा समजून सरसकट पुसू नये. वीज गेल्याने मूळ फाइल बिघडली तर याच प्रती कामी येतात. भारनियमन अनुभवलेल्या आपल्या गावांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

बँकेचा उतारा आयात करताना होणारा विलंबही समजण्याजोगा आहे. येणारी प्रत्येक नोंद पूर्वी आली आहे काय, हे सॉफ्टवेअर जुन्या नोंदींशी ताडून पाहते. वर्षाचा उतारा एकदम आयात करण्याऐवजी महिन्याचा करावा. एकच उतारा दोनदा आयात झाला तर फाइल जड होते, आणि त्याहून वाईट म्हणजे हिशेब खोटा होतो. आयातीनंतर बँकेची शिल्लक व आपली शिल्लक जुळते का, हे पाहणे हाच त्यावरील पहारा.

अँटिव्हायरस आणि ऑनलाइन साठवणीची सॉफ्टवेअरेही मंदगतीत भर घालतात. हिशेबाची फाइल त्यांच्या देखरेखीच्या फोल्डरमध्ये असेल तर प्रत्येक जतन झाल्यावर तिची तपासणी व चढवणी सुरू होते. काम चालू असताना फाइल साध्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि दिवसाअखेर तिची प्रत ऑनलाइन साठवणीत टाकावी.

मोबाइलवरील अनेक ॲप आपल्या नोंदी एसक्यूलाइट याच प्रकारात ठेवतात. त्यात पुसलेल्या नोंदींची जागा नव्या नोंदींसाठी राखून ठेवली जाते; फाइल आपोआप लहान होत नाही. म्हणून नोंदी पुसूनही ॲपचा आकार तेवढाच दिसला तर बिघाड समजू नये. फोनची साठवण काठोकाठ भरली असेल तर मात्र सर्वच ॲप मंदावतात. अशा वेळी हिशेबाऐवजी समूहसंदेशांतून आलेल्या चलचित्रांवर आधी हात टाकावा.

६. गळती सापडल्यावर

गळती सॉफ्टवेअरच्या रचनेत असल्याने ती आपण बुजवू शकत नाही. परंतु तिच्यासह काम करता येते आणि ती बुजवणाऱ्यापर्यंत निरोप पोहोचवता येतो. सॉफ्टवेअर बंद केले, की त्याने अडवलेली मेमरी संगणक परत घेतो. म्हणून दीर्घ कामात मधे एकदा जतन करून ते बंद करावे व पुन्हा उघडावे. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. अलीकडच्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा काही भाग झोपवून ठेवला जातो आणि सुरू करताना तोच जागा होतो; ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सारे नव्याने सुरू होते. रोज बंद करूनही संगणक ताजातवाना का होत नाही, याचे कारण अनेकदा हेच असते.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पाहावी. दोष कायम राहिल्यास निर्मात्यांना कळवावे. ‘सॉफ्टवेअर हळू चालते’ या तक्रारीने कोणालाच मदत होत नाही. आवृत्तीचा क्रमांक, संगणकाची मेमरी, कोणती कृती किती वेळा केली आणि आकडा कितीवरून कितीवर गेला, हे लिहिले तर निर्माता तीच पायरी आपल्या संगणकावर करून पाहू शकतो. निरीक्षणाची वही येथे साक्षीदाराचे काम करते. तक्रारीसोबत स्वतःच्या हिशेबाची फाइल मात्र पाठवू नये. खोट्या आकड्यांची नमुना फाइल करून पाठवावी.

दुरुस्तीच्या निमित्ताने आणखी एक सावधगिरी. दूरध्वनीवरून ‘आम्ही दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी व्यक्तीला पडदा पाहण्याची किंवा चालवण्याची परवानगी कधीही देऊ नये. हिशेबाच्या फाइलमध्ये घराची सारी नाडी असते. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे.

७. जुने पुसू नका, बांधून ठेवा

वाढीच्या आजारावर शेवटचा आणि टिकाऊ उपाय वर्षअखेरीचा आहे. ३१ मार्चला चालू फाइल बंद करावी, तिला वर्षाचे नाव द्यावे, दोन प्रती काढाव्यात आणि १ एप्रिलला नवी फाइल श्री शिल्लक व बाकी कर्जांच्या रकमांसह सुरू करावी. जुन्या नोंदी पुसण्याचा मोह टाळावा. पीककर्ज, गटाचे कर्ज किंवा हंगामाची उचल यांचा हिशेब अनेक वर्षे लांबतो. सोसायटीकडून बेबाकी दाखला मिळेपर्यंत, मुकादमाकडून हिशेब पुरा झाल्याचे लेखी मिळेपर्यंत, प्रत्येक हप्त्याची नोंद हा आपला पुरावा असतो. फाइल हलकी करण्यासाठी पुरावा फेकून देणे हा फार महागडा वेग होय.

वर्षाचा सारांश कागदावर छापून घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा, असेही आम्ही सुचवतो. हिशेब ठेवणारे मूल नोकरीसाठी पुण्यामुंबईला गेले, की त्याच्या लॅपटॉपमधील फाइल घराला परकी होते. गुप्तशब्द एकालाच ठाऊक असेल तर घरातील हिशेबही पुन्हा एकाच बाजूला गेला, एवढेच. घरातील किमान दोघांना, त्यांत एक स्त्री असावी, फाइल उघडता, वाचता आणि नोंद करता आली पाहिजे.

या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी येत्या दिवाळीच्या सुटीत आपल्या घरचा हिशेब एकदा या पाठाप्रमाणे तपासावा, आणि शेजारच्या एका घराचा सुरू करून द्यावा, एवढी आमची अपेक्षा आहे. पालकांनीही आपल्या मुलांना रात्री एक प्रश्न विचारण्याचा प्रघात पाडावा: आजची नोंद झाली का?

सरावासाठी

१. आपल्या हिशेबाच्या फाइलची प्रत काढा आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून शेवटची शिल्लक जुळते का ते पाहा.

२. एकच अहवाल दहा-दहा वेळा उघडून-बंद करून मेमरीचे तीन आकडे लिहा. ते चढतात की स्थिरावतात, ते ठरवा.

३. आपल्या तक्त्यातील शिल्लकेचे सूत्र तपासा. ते पहिल्या ओळीपासून बेरीज करीत असल्यास श्री शिल्लकेच्या रीतीने बदला. प्रयोग प्रतीवर करा, मूळ फाइलवर नको.

४. २,००० नोंदींच्या तक्त्यात जुन्या रीतीने किती आकडे मिळवावे लागतील, ते काढा. (उत्तर : २०,०१,०००)

५. घराबाहेरच्या ज्या ज्या वहीत आपल्या कुटुंबाचे नाव आहे, त्यांची यादी करा. प्रत्येकीची दुसरी प्रत आपल्यापाशी आहे का, ते समोर लिहा.